ॲम्ब्रिजची रॉनी आणि जॉनीचा तो पास

रॉनी युर्कोविचनं तीसेक वर्षं शाळेची बस चालवली. ॲम्ब्रिज गाव पिट्सबर्गजवळ, नदीकाठचं, पण घरं सगळी डोंगरावर, आणि रस्ते असे उभे की नवख्या ड्रायव्हरनं देवाचं नाव घ्यावं. त्या रस्त्यांवरून बर्फात, धुक्यात तिनं लोकांची पोरं नेली-आणली आणि एकाच्याही गुडघ्याला खरचटू दिलं नाही. पण तिचं नाव झालं ते बसमुळे नाही. खोऱ्यात कुठंही जाऊन युर्कोविचबाई कोण म्हणून विचारा, लोक खांदे उडवतील. ॲम्ब्रिजची रॉनी म्हणा, की समोरचा लगेच हसून म्हणेल, "अरे देवा, ती होय! जॉनीवाली!"

दुपारी चार वाजता रेडिओवर खेळाच्या गप्पांचा कार्यक्रम लागतो. कुणीही फोन करावा, नाव आणि गाव सांगावं आणि मनसोक्त भांडावं. आमच्याकडे भांडायला विषयांचा तोटा नाही, पण एक विषय असा की हिवाळ्यात संपत नाही आणि उन्हाळ्यात शिळा होत नाही. अमेरिकन फुटबॉलमधला आजवरचा सगळ्यांत थोर क्वार्टरबॅक कोण? म्हणजे अंगावर रेड्यासारखे गडी धावून येत असताना, हातातला चेंडू कुणाकडे फेकायचा हे पापणी लवायच्या आत ठरवणारा तो पठ्ठ्या. आता बाकीच्या देशाला याचं कौतुक टीव्हीपुरतं. आमच्या मातीतच हे पीक येतं. जॉनी युनायटस पिट्सबर्गचा, आणि ज्यो माँटाना शेजारच्या मोनोंगहेलाचा. म्हणजे भाऊबंदकीच म्हणा की! अशी भांडणं मिटतात होय?

रॉनी जॉनीची. का, तर पिट्सबर्गच्या संघानं त्याला एकाही सामन्यात न उतरवता घरी पाठवलं, तेव्हा तो रडत बसला नाही. बांधकामावर राबला, रविवारी गल्लीतल्या संघातून सहा डॉलरवर खेळला, आणि पुढं बाल्टिमोरला जाऊन त्यानं सगळ्यांच्या नाकावर टिच्चून विजेतेपद आणलं. पण तिचा खरा मुद्दा वेगळाच होता.

"तो स्वतःचा डाव स्वतः ठरवायचा," ती रेडिओवर गरजायची. "आताच्या या राजकुमारांच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. बाहेरून कोच सांगतो आणि हे नंदीबैलासारखे माना डोलावतात! मला सांगा, माझ्या कानात कुणी 'आता डावीकडे वळ, आता ब्रेक मार' असं बडबडत बसलं असतं, तर तुमची पोरं धड घरी आली असती का?"

आणि तो आवाज! काय सांगावं. बसच्या मागच्या बाकावर चाललेली मारामारी आरशात न बघता नुसत्या हाकेनं थांबवणारा. जाड, खरखरीत, सिगारेटीनं पोळलेला, पण त्यात असा काही जिव्हाळा की शिव्या खाणाऱ्यालाही घरचं वाटावं. लोक तिच्यासाठी गाडी रस्त्याच्या कडेला लावून ऐकत. मीही लावलीय.

तिच्यासमोर उभा राहायचा तो मॅकीजपोर्टचा थर्मन. नळ्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, रविवारी चर्चमध्ये गाणारा, धीम्या आणि खोल आवाजाचा माणूस. तो माँटानाचा. चार अंतिम सामने, चारही जिंकले, आणि त्या चारांत एकदाही चेंडू शत्रूच्या हातात दिला नाही. एवढं सांगून तो शांत राहायचा, जणू न्यायाधीशानं आता निकाल वाचावा.

"त्याला राइससारखा झेलणारा मिळाला होता, बाबा!" रॉनी उसळायची. "राइसकडे मी बसमधून डबा फेकला असता तरी त्यानं झेलला असता!"

"रॉनीबाई," थर्मन म्हणायचा, "तुमच्या जॉनीनं अडीचशेच्या वर चेंडू दुसऱ्यांना दान केलेत. फार धर्मात्मा होता हो."

असं हे पंधरा-सोळा वर्षं चाललं. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. मध्ये नदी, दोन-तीन पूल आणि तासाभराचा रस्ता, पण भेटावं असं दोघांनाही वाटलं नसावं. कार्यक्रम चालवणारा ग्रेग पास्टोर वयानं लहान, त्याचा देव टॉम ब्रेडी. त्यानं सात विजेतेपदांचं नाव काढलं रे काढलं, की हे दोघं आपलं भांडण विसरून त्याच्यावर तुटून पडायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात रॉनीचा आवाज बसला. तिनं आधी एसीच्या गारठ्याला दोष दिला, मग डेनीसच्या घरच्या मांजराला. डेनीस म्हणजे तिची मुलगी. ऑगस्टमध्ये एका दुपारी रॉनी रेडिओवर बोलत होती आणि थर्मननं तिला अडवलं. विषय निघाला होता जॉनीच्या त्या जुन्या अंतिम सामन्याचा. बरोबरी झालेली, जादा वेळ सुरू. चेंडू गोलरेषेच्या अगदी तोंडाशी. नुसती किक मारली असती तरी सामना खिशात. आणि जॉनीनं काय केलं? पास टाकला.

"तो पास कुणी मध्येच उचलला असता तर?" थर्मननं विचारलं. "जिंकलेला सामना जुगारावर लावणारा माणूस थोर कसा, एवढंच सांगा मला, रॉनीबाई."

रॉनीनं तोंड उघडलं. उत्तर तिच्याकडे तयार होतं. पण घशातून नुसती हवा आली. तिनं पुन्हा जोर लावला, एक घरघर झाली, आणि तिनं फोन ठेवून दिला. थर्मन हसून म्हणाला, "बघा, आज पहिल्यांदा गप्प केलं." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, घशाचा कर्करोग आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. आजार आटोक्यात येईल, जीव वाचेल, बोलणं मात्र यंत्रानं. दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र असतं, ते गळ्याला टेकवायचं आणि ओठ हलवायचे. शस्त्रक्रियेनंतर रॉनीनं ते घरी आणून एकदा लावून बघितलं. डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा आवाज निघाला, एकाच सुरातला, ना चढ ना उतार. तिनं ते यंत्र पावाच्या डब्यामागे सारून दिलं आणि पाटी-खडू घेऊन बसली. मरणाला ती घाबरली नव्हती, हे मी खात्रीनं सांगते. पण ॲम्ब्रिजची रॉनी मेली असंच तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. राहिली होती ती युर्कोविचबाई, आणि तिला ओळखतंय कोण?

रेडिओ मात्र तिनं सोडला नाही. रोज चारला स्वयंपाकघरात कोबी चिरत, नाहीतर पिरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्यांच्या कडा दाबत ती ऐकत बसायची. शरद ऋतू गेला, मोसम रंगात आला. थर्मन फोन करायचा, माँटानाचं दोन वाक्यांत सांगायचा आणि मग विचारायचा, "ग्रेग, रॉनीबाईंची काही खबर?" ग्रेगला खबर नव्हती. नाताळापर्यंत थर्मनचा सूरच उतरला. समोर कुणी नसलं की वाद कसला? नुसतं भाषण.

फेब्रुवारीत, अंतिम सामन्याच्या आठवड्यात, कार्यक्रमाचा एक दिवस ठरलेला असतो. सबंध दुपार एकच प्रश्न, थोर कोण. त्या दिवशी रॉनी सकाळपासून भांडी आपटत होती. डेनीसला कळायचं ते कळलं.

"आई, आपण लिहून पाठवू ना," ती म्हणाली. "ग्रेग छान वाचून दाखवेल."

रॉनीनं पाटीवर खसाखसा लिहिलं, 'वाचून दाखवतात ते मेलेल्या माणसाचं.' मग पावाच्या डब्यामागून यंत्र काढलं, फडक्यानं पुसलं आणि आरशासमोर उभी राहून सराव करू लागली. डेनीस दारात उभी होती, तिच्याच्यानं ते ऐकवेना. पण आईला थांबवायची तिची काय बिशाद!

लाइन लागायला बराच वेळ गेला. शेवटी ग्रेगचा आवाज आला, "बोला, आपण रेडिओवर आहात." रॉनीनं यंत्र टेकवलं. "ॲम्ब्रिजची रॉनी बोलतेय."

पलीकडे ग्रेग भडकला. "कोण आहे रे हे? खेळण्यातला यंत्रमानव आणलाय काय? पोरांनो, ती बाई आम्हाला मावशीसारखी आहे. तिची टिंगल माझ्या कार्यक्रमात चालणार नाही." आणि खट्ट, फोन बंद. तिचीच बाजू घेऊन त्यानं तिलाच हाकललं होतं. मला त्या ग्रेगचा राग येतो, आणि येतही नाही. मी तरी दुसरं काय केलं असतं?

रॉनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं पुन्हा नंबर फिरवला. या वेळी नावगाव सांगण्यात वेळ घालवायचा नाही, हे तिनं पक्कं केलं होतं. लाइन लागताच तिनं थेट सुरुवात केली. "थर्मन, बर्फाच्या उतारावर घाबरून ब्रेक दाबला की बस घसरते. बघणाऱ्याला वाटतं—"

"पुन्हा तेच कारटं!" ग्रेग म्हणाला. खट्ट.

आता मात्र यंत्र टेबलावर ठेवून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, पाठ मुलीकडे करून. डेनीसनं रेडिओ बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात त्यातून धीमा, खोल आवाज आला.

"ग्रेग, मॅकीजपोर्टचा थर्मन. तू आत्ता कुणाचा फोन तोडलास, कळलं का तुला?"

"कुणीतरी टवाळ पोरगं होतं, थर्मन. बस काय, बर्फ काय, काहीतरी बरळत होतं."

"पोरगं नव्हे. पोरांनी नक्कल केली असती तर 'नंदीबैल' म्हणाली असती, राइसवरून ओरडली असती. नक्कल करणारा माझ्या प्रश्नाचं उत्तर कशाला देईल? ऑगस्टमध्ये मी विचारलं होतं, किक सोडून पास टाकण्याचा जुगार का केला. त्याचं हे उत्तर आहे. ते देणारं माणूस एकच." पुढचे शब्द त्याला जड गेले. "तिच्या गळ्याला काहीतरी झालंय रे. आणि मी तिला गप्प केलं म्हणून हसलो होतो. तुझ्याकडे नंबर असेल. लाव तिला फोन. मी लाइनवर थांबतो."

फोन वाजला. डेनीसनं उचलला आणि आईच्या हातात दिला. ग्रेग माफी मागायला लागला, त्याची जीभ अडखळत होती. रॉनीनं त्याला झटकलं. "ते राहू दे. थर्मन आहे का?"

"आहे, रॉनीबाई."

मग तिनं सांगितलं, सावकाश, एकेका शब्दावर ओठ नीट दाबून, आणि सबंध खोरं कान देऊन ऐकत होतं. उतारावर बर्फ असला की मागे बसलेल्या मोठ्या माणसांना वाटतं, ही थांबत का नाही, ही वेडी आहे का. पण चालवणारीला चाकाखालचा रस्ता कळत असतो. थांबणं धोक्याचं आहे हे तिला कळतं, त्यांना नाही. जॉनीला त्या क्षणी समोरचा गडी कुठं सरकलाय ते दिसलं होतं. कानात सांगणारा कुणी नव्हता, म्हणून त्याला स्वतःचे डोळे वापरावे लागले. "तो जुगार नव्हता, थर्मन. जुगार तुला दिसतो, कारण तू मागच्या बाकावर बसलायस."

ग्रेग काहीतरी गोड बोलणार होता. थर्मननं त्याला बोलूच दिलं नाही.

"सहा महिने मी या उत्तराची वाट बघितली," तो म्हणाला, "आणि उत्तर काय, तर बस! अहो बाई, बर्फ कधी उडी मारून तुमच्या हातातलं स्टिअरिंग हिसकावतो का? चेंडू हिसकावतात. त्या पासच्या आड एक हात आला असता, तर तुमच्या जॉनीला आज लोक गाढव म्हणाले असते. तेव्हाही तुम्ही चुकत होतात, आणि आजही साफ चुकताय."

"थर्मन, जरा सांभाळून," ग्रेग कळवळला. "त्या आजारातून उठल्यात."

"गळा आजारी होता. डोकं पहिल्यापासून असंच आहे."

डेनीसचा संताप अनावर झाला. असलं बोलतात होय आजारी बाईला? तिनं फोन काढून घ्यायला हात घातला, आणि रॉनीनं तो हात सण्णकन मारून बाजूला केला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इस्पितळातून आल्यापासून तिनं पाटीवर काहीही लिहावं आणि लोकांनी हो म्हणावं, असं चाललं होतं. फादर हो म्हणत होते, शेजारणी हो म्हणत होत्या, पोटची मुलगीसुद्धा हो म्हणत होती. तू चुकतेस असं इतक्या दिवसांत तिला कुणी म्हणालंच नव्हतं.

थर्मन आता माँटानाच्या चार सामन्यांवर आला होता. रॉनीनं बाहीनं डोळे पुसले, यंत्र गळ्याला टेकवलं आणि त्याला मध्येच तोडलं.