बॅटरीसाठी एक चक्कर

आमच्या बाबांनी कार घेतली ती चालवायला नाही, अंगणात उभी करायला. घाटंजीच्या बाजारालाही ते एसटीनेच जात. रोज सकाळी आधी देवाला आणि मग कारला उदबत्ती ओवाळायची, इंजिन चालू करायचं, एक भजन लावायचं आणि भजन संपलं की बंद करायचं.

"अशानं बॅटरी ताजी राह्यते," म्हणायचे.

चालू करताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढंही एका भजनात परत भरत नाही, हे सांगून माझा घसा बसला. ऐकतो कोण! लग्नाला निघालो की कार बंद, आणि नवे कपडे घालून धक्का मारायला आम्ही.

शेवटी मेकॅनिकने बाबांना झापलं, रोज अर्धा तास रस्त्यावर पळवा म्हणून. एकट्यासाठी पेट्रोल जाळणं बाबांच्या जिवावर यायचं, म्हणून ते आईला सोबत नेऊ लागले. दुपार कलली की आई भाकरी थापून, केस विंचरून तयार. दोघं कापसाच्या वावरांमधल्या रस्त्याने जाऊन, कुठंतरी चहा पिऊन येत.

या वर्षी मी घरीच बॅटरी भरायचा चार्जर आणला. म्हटलं, पेट्रोलची नासाडी तरी थांबेल. दुसऱ्या दिवशी लावायला गेलो तर चार्जर गायब.

आई कारमध्ये बसलीच होती. काच खाली करून म्हणाली, "तुह्या मामाले देऊन टाकला म्या."

मामाकडे सायकल आहे.