पांघरुणातली मॅगझिनं

थंडीच्या दिवसांत आमच्या अंथरुणात माझ्या आणि ह्यांच्या मधे दोन मॅगझिनं झोपायची. वाचायची मासिकं नव्हेत. पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती, छर्रे आणि गॅस भरायची, धातूची, हातात घेतली की वजन जाणवणारी. पिस्तूल मात्र खेळातलं. त्याला एअरसॉफ्ट म्हणतात, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं, कारण ह्यांना हा नाद लागलाच मुळी चाळिशीनंतर.

हे मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटर सांभाळतात. रविवारी सकाळी शहराबाहेर कळंब्याच्या पलीकडे एका ओळखीच्या माणसाच्या मोकळ्या प्लॉटवर खेळायला जातात. दोन गट करायचे, पत्र्याच्या आडोशाला लपायचं, एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे मारायचे. लागला की हात वर करून बाहेर यायचं. बाकीची सगळी कॉलेजची पोरं. त्यांच्यात हे एकटे, पुढचे केस गेलेले, डोळ्यांवर मोठा गॉगल, अंगात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे. पोरं ह्यांना काका म्हणतात.

ते ठिपक्यांचे कपडे मी धुतल्यावर गॅलरीतल्या दोरीवर कधी घातले नाहीत. बाथरूममध्येच वाळवायची. एकदा चुकून बाहेर राहिले, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंच, "काय वो, साहेब मिल्ट्रीत लागलं व्हय आता?" माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकाही आतल्या खोलीत टेबलावर पिस्तूल दिसलं की एकमेकींकडे बघायच्या. आम्हाला मूल नाही. असतं तर त्या पिस्तुलाला घरात काही कारण तरी राहिलं असतं. घरात पोर नाही आणि खेळणं आहे, हे बघणाऱ्याला विचित्र दिसायचं, आणि त्याला तसं दिसतंय हे मला दिसायचं.

ह्या पिस्तुलाचं थंडीशी वैर. लायटरमध्ये असतो तसलाच गॅस मॅगझिनात भरतात. त्याच्या दाबाने छर्रा सुटतो आणि वरचा भाग खऱ्या पिस्तुलासारखा झटक्यात मागे जाऊन पुढे येतो. उन्हाळ्यात हे सगळं जोरात चालतं. गारठा पडला की गॅसचा जोर बसतो. त्यात भराभर बार काढले की मॅगझीन स्वतःच गार पडत जातं, हाताला बर्फासारखं लागतं, बाहेरून घाम फुटल्यासारखं ओलं होतं. पहिले काही बार फट फट वाजतात, मग वरचा भाग अर्ध्यातच अडकतो आणि फुस्स. आतला रबरी वायसर कडक होऊन गळायला लागला तर तेवढंही नाही. हे सगळं मला ह्यांनी जेवताना, चहा पिताना, टीव्ही बघताना सांगितलेलं. ह्यांनी शोधलेला उपाय म्हणजे मॅगझिनं अंगाच्या उबेत ठेवायची. विस्तवाजवळ नाही, गरम पाण्यात नाही, फक्त अंगाच्या उबेत. मी त्यांना फ्लॅनेलची एक दोन कप्प्यांची पिशवी शिवून दिली. शनिवारी झोपताना ती पिशवी पांघरुणात घ्यायची, हे आमच्याकडे दूध विरजण्याइतकं नेहमीचं झालं होतं. कुणाला सांगायची गोष्ट नव्हती, एवढंच.

गेल्या पौषात माझ्या भावाचा फोन आला. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. भाऊ माझ्याहून लहान, भातशेती आणि काजू बघतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "अक्का, माकडांनी जीव नको केलाय बघ. केळीचा एक घड ठिवंनात. कौलं फोडल्यात. काजूचा मोहोर बी वरबाडून टाकाय लागल्यात."

फोन स्पीकरवर होता. हे आतून आले. "मी येतो की शनिवारी," ते फोनकडे वाकून म्हणाले. "पिस्तूल आणतो. अंगावर मारायचं न्हाई, पण कौलावर, पानावर चार छर्रे आपटले की पळतील."

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "कशाला ते तिकडं? सगळी हसतील."

"माकडं हसत न्हाईत," हे म्हणाले आणि पिस्तुलाला तेल द्यायला बसले.

शनिवारी मोटारसायकलवरून गेलो. पिस्तूल माझ्या मांडीवरच्या पिशवीत, दोन साड्यांच्या घडीत. रस्त्यात पोलिसांनी पिशवी उघडायला लावली तर काय सांगायचं, ह्याचंच उत्तर मी गडहिंग्लजपर्यंत जुळवत होते. पोचलो तर भावाने आधीच सगळ्या गल्लीला सांगून ठेवलेलं. अंगणात माणसं जमलेली. "पावणं, दाखवा की!" कुणी पिस्तुलाची नळी डोळ्याला लावून बघितली, कुणी वजन बघितलं. दुपारचं ऊन कडक होतं. ह्यांनी परसात पत्र्याचा डबा ठेवला आणि लांबून पाडला. परत ठेवला, परत पाडला. मॅगझीन संपेपर्यंत एकही बार अडकला नाही. माझ्या भावाने टाळ्या वाजवल्या. आत्ती दारात उभी होती. ती माझ्या वडिलांची बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती म्हणाली, "जावई गुणाचा हाय की गं!" त्या दुपारी मी चारचौघांत ह्यांच्याकडे ताठ मानेने बघितलं. ह्या पिस्तुलाच्या बाबतीत तसं पहिल्यांदाच झालं.

माहेरी पुरुष बाहेरच्या सोप्यात झोपतात आणि बायका माजघरात. जेवणानंतर मी हात धुवायला मागच्या दारी गेले, तर हे फ्लॅनेलची पिशवी घेऊन मागोमाग आले. "सोप्यात वारं लागतंय. चटईवर गार पडतील. तुझ्याकडं ठेव."

मी म्हणाले, "इथं? सगळ्यांच्यात?"

"पांघरुणात कोण बघतंय?"

मी पिशवी पदराखाली घेतली. एका बाजूला आत्ती, दुसऱ्या बाजूला भावजय, तिच्या पलीकडे भाच्या. पिशवी पोटाशी धरून मी निजले.

पहाटे मी कूस बदलली, तेव्हा एका मॅगझिनाची गॅस भरायची तळची पिन माझ्या कोपराखाली दाबली गेली असावी. एकदम फुस्स असा मोठा आवाज झाला आणि पोटाला बर्फ लावल्यासारखं झालं. भावजय ओरडली, "साप! साप हाय!" भाच्या किंचाळत उठल्या. कुणीतरी दिवा लावला, कुणीतरी माझ्या अंगावरची वाकळ ओढली. मी दोन्ही हातांनी पोटाशी ती पिशवी धरून बसलेली. फुस्स अजून चालूच होतं.

"काय गं ते?" आत्तीने विचारलं.

"मॅगझिनं," मी म्हणाले. "गार पडू नयेत म्हणून..."

आत्तीला हसू आवरेना. "अगं माझे बाई! खुडूक कोंबडीगत बसलीस की! अंडी उबवालीस व्हय?"

भावजय हसली. भाच्याही हसल्या. मग भावजय एकदम हसायची थांबली आणि तिने आत्तीकडे बघितलं. आत्तीला तेव्हा कळलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. "तसं न्हवं गं," ती म्हणाली. "मी आपली... तसं न्हवं." धाकट्या भाचीने विचारलं, "काय झालं?" तर भावजयीने तिला पाठीत हलकेच चापट मारली. आत्ती उठून चुलीकडे गेली.

मी वाकळेची घडी केली. उगाच परत उलगडली, परत केली. कान तापले होते. मला मूल नाही ह्याचं दुःख जुनं होतं, त्याच्याशी मी बऱ्यापैकी जमवून घेतलं होतं. पण आपण खरंच कोंबडीसारखे दिसलो, आणि ज्यांनी आपल्याला लहानपणापासून बघितलं त्यांनाही आधी तेच दिसलं, ह्याचं काय करायचं ते सुचेना. आत्तीचा रागही करता येईना. ती मुद्दाम काही बोलणारी बाई नव्हती.

फटफटलं आणि परसात माकडं आली. बाहेर दाट धुकं, फणसाचं झाड अर्धंच दिसत होतं. हे मागच्या दाराशी आले. मी पिशवी दिली, तोंडाकडे बघितलं नाही.

"हे एक रिकामं झालंय," ह्यांनी वजन बघून म्हटलं.

"गळलं."

"बरं," एवढंच म्हणून ह्यांनी त्यात बाटलीतून गॅस भरला. गॅस भरतानाच मॅगझीन गार पडतं, हे मला माहीत होतं. म्हणजे कामाचं एकच उरलं.

परसात कालचीच माणसं होती, आणखी दोन-चार आलेली. ह्यांनी केळीच्या पानावर नेम धरला. फट फट फट. छर्रे पानांवर ताडताड वाजले आणि माकडं उड्या मारत फणसावर गेली. "शाब्बास, दाजी!" भाऊ ओरडला. ह्यांना जोर चढला, हे भराभर बार काढत सुटले. तसा पिस्तुलाचा आवाज बसत गेला, वरचा भाग अर्ध्यावर अडकला. ह्यांनी दुसरं मॅगझीन घातलं. पहिल्याच बाराला नळीतून पांढरी वाफ आली आणि छर्रा ह्यांच्याच चपलेपाशी पडला.

सगळे हसले. "पावणं, तोंडानं फुकनी मारल्यागत फुका की!" कुणीतरी म्हणालं.

"चुलीत शेकून आणू, दाजी?" भावाने विचारलं. तो मनापासून विचारत होता.

"नको, फुटंल. दोन मिनटं थांबा. ऊब धरली की चालतंय." असं म्हणून ह्यांनी सगळ्यांसमोर शर्टाची वरची बटणं सोडली, पहिलं मॅगझीन काखेत घातलं आणि हात आवळून उभे राहिले. ताप मोजायला थर्मामीटर लावून बसावं तसे. फणसावरचं एक मोठं माकड सावकाश खाली उतरलं, केळ सोललं आणि ह्यांच्याकडे बघत खायला लागलं.

मागून कुणी गडी बोलला, "पोरं न्हाईत, मग माणसानं करावं तरी काय?" हळू बोलला, पण धुक्यात आवाज लांब जातो. मी मागच्या दाराच्या पायरीवर होते. हे आत का येत नाहीत, बिघडलं म्हणून का सांगत नाहीत, असं मला झालं. मला वाटलं, ह्या माणसाला लाज कशी ती नाहीच, म्हणून त्याच्या वाट्याचीही मलाच वाटून घ्यावी लागते.

माझ्या मागे, आत, आत्ती चुलीपाशी बसली होती. मी वळले असते तर तिच्याकडे बघावं लागलं असतं. म्हणून मी पायऱ्या उतरून पुढे गेले. माझ्या अंगी काही धीर आला होता असं कुणी समजू नये.

"ते दुसरं द्या," मी म्हणाले.

ह्यांनी पिस्तुलातलं मॅगझीन काढून माझ्या हातात दिलं. मी पदराआड ते काखेत धरलं. इतकं गार होतं की डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोघं शेजारी शेजारी, हात आवळून उभे. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. मग काय करावं हे त्यांनाही कळेना. एकजण तंबाखू मळायला लागला. मी खाली माझ्या पायांकडे बघत होते.

"घट्ट धर," हे एवढंच म्हणाले.

मॅगझिनं जराशी कोमट झाल्यावर ह्यांनी परत बार काढले. या वेळी चालले. माकडं कंपाउंडावरून ओढ्याकडे निघून गेली. पण तोवर घड संपलाच होता, आणि मागे भावाने पत्र्याचा डबाही बडवायला घेतला होता. माकडं कशाने गेली ते कुणाला सांगता आलं नसतं. "गेली की!" भाऊ म्हणाला, आणि लोक घरोघर पांगले.

दुपारी निघताना आत्तीने मला कुंकू लावलं. तिचं बोट कपाळावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिलं. "थंडी सरली की ये," ती म्हणाली. मी "बघू" म्हणाले.

वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. मी पदर सारखा केला तेव्हा मॅगझीन धरलेली काख दुखली. कातडी तिथे लाल झाली होती.

ह्यांनी कपात फुंकर घातली आणि विचारलं, "तुला माझी लाज वाटली?"

"वाटली," मी म्हणाले.

"मला बी वाटत हुती."

मला ते खरं वाटेना. "मग इतका वेळ काखेत मॅगझीन धरून उभं कशाला राहिलासा? आत यायचं की."

ह्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरकडे मान वळवली. मग म्हणाले, "सोप्यात सगळं ऐकू येतंय गं. पहाटंचं ऐकलंतं मी. आत आलो असतो तर आत्तीच्या पुढ्यातनंच यायला लागलं असतं. तिला कसं तोंड दाखवायचं, सांग. मीच तर ती पिशवी तुझ्याकडं दिलती."

माझा चहा निवला होता. मी तो एका घोटात संपवला. ह्यांनी पैसे दिले, गाडी सुरू केली आणि मी मागे बसले. पिस्तुलाची नि मॅगझिनांची पिशवी या वेळी ह्यांनी माझ्याकडे दिली नाही, टाकीवर स्वतःच्या पुढ्यात घेतली.