काचेबाहेरची गाणी

सुपडूनाना भेटले की राम राम करण्याआधी म्हणत, "थकी गऊ रे भाऊ." म्हणजे, थकलो रे बाबा. सकाळी सहाला म्हणत, दुपारी जेवून उठले की म्हणत, आणि दिवसभर झोप काढून उठले तर जरा जास्तच खोल आवाजात म्हणत. जन्मल्यावर इतर पोरं रडतात. नानांनी म्हणे एक जांभई दिली आणि हेच वाक्य म्हटलं. गावातल्या तिघांनी मला हे शपथेवर सांगितलंय. चौथा साक्षीदार मीच, माझा जन्म त्यांच्यानंतर वीस वर्षांनी झाला तरी.

एरंडोलपासून आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि नानांच्या शेजारची खोली माझी. नाना रोज सायकलला दुधाच्या दोन कॅन लटकवून एरंडोलला जात. चढावर सायकल नानांना नेते की नाना सायकलला, हे कोणालाच ठरवता आलं नव्हतं. दोघंही परत येताना सारखेच दमलेले दिसत.

नानांच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्यांचे थोरले भाऊ राहत. त्यांना सगळे आबा म्हणत. वाटणीत विहीर आबांकडे गेली आणि तिच्यावरची मोटर नानांची राहिली. त्या दिवसापासून दोघं बोलेनात. नऊ वर्षं. निरोप द्यायचाच झाला तर नाना आपल्या म्हशीला सांगत, "गंगे, चार वाजता मोटर लावनी शे." मग ओट्याच्या त्या टोकाला आबा आपल्या बैलाला म्हणत, "राजा, पाचले लाव म्हना." नऊ वर्षांत त्या म्हशीला आणि बैलाला पाण्याच्या पाळ्यांचं जे ज्ञान झालं होतं, ते तालुक्यातल्या पाटबंधारे खात्यातही कोणाला नसेल.

गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीचा. एका उन्हाळ्यात व्होल्टेज असं चढलं की त्याच्या पाठीतून धूर निघाला. नेमकी त्यानंतर दर रविवारी सकाळी एक नवी मालिका सुरू झाली. दोन श्रीमंत भाऊ, एक कारखाना, सतत भांडण. गावाला ती दिसेना. तेव्हा नाना म्हणाले, दूध घालायला जातोच आहे, तर एरंडोलला बघून येईन आणि सांगेन.

रविवारी दुपारी अख्खं गाव पारावर जमायचं. नाना दोन घोट पाणी पीत, "थकी गऊ" म्हणत, आणि मग एकदम गायला लागत. हो, गायला. नानांच्या मालिकेत कोणी बोलतच नसे. भाऊ गात भांडत, वकील गात नोटीस देत, डॉक्टर नाडी धरून चार कडवी म्हणे. कोटटाय घातलेला थोरला भाऊ टेलिफोनवर गाई, "तुनी विहीर, मनी मोटर, पानी कोनं रे भाऊ?" मुंबईच्या कारखानदाराला विहीर कुठली, असं विचारायचं कोणाला सुचलं नाही. नानांचा आवाज असा थकलेला, असा खोल यायचा, की समोरच्या बायका डोळ्याला पदर लावत. मी तर पाराचं झाडही मान हलवताना पाहिलंय. वारा होता, हे कबूल.

आबाही येत. पण पाराच्या पार कडेला, नानांकडे पाठ करून बसत. गाणं संपलं की उठून जात. नाना गाताना एकदाही त्या पाठीवरची नजर काढत नसत.

एका रविवारी मी नानांबरोबर एरंडोलला गेलो. टीव्ही होता एका इलेक्ट्रिकच्या दुकानात. आत खुर्च्या, गिऱ्हाइकं, चहा. कॅनचं दूध फरशीवर सांडतं म्हणून मालक नानांना आत घेत नसे. ते बाहेर, बंद काचेला नाक लावून उभे. मीही लावलं. चित्र स्वच्छ, आवाज शून्य. पडद्यावर दोघं भाऊ समोरासमोर उभे राहून तोंडं हलवत होते. चांगली पाच मिनिटं.

मी म्हटलं, "नाना, अहो, काहीच ऐकू येत नाही. ते गातायत कशावरून?"

नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गुरुजी, भाऊ भाऊ शेतस ना त्या? समोर उभा राहीसन इतला येळ कोनी नुसतं बोलस का? गानंच म्हनी ऱ्हायनात."

गावात परतल्यावर हे मी कोणाला सांगितलं नाही. इतकी चांगली मालिका बंद पाडायला मी काय वेडा होतो?

पण वर्षभराने पंचायतीला जाग आली आणि टीव्ही धुळ्याहून दुरुस्त होऊन आला. रविवारी सकाळी सेट पारावर मांडला, सगळे जमले. मालिका लागली. दोघं भाऊ समोरासमोर आले आणि बोलायला लागले. साधं, तुम्ही-आम्ही बोलतो तसं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी गाईना. आबा अर्ध्यातून उठून गेले. मी नानांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, आणि इतका दमलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. गाणी नव्हती याचं त्यांना काही वाटलेलं दिसत नव्हतं. भाऊ नुसतेच बोलत होते, याचं वाटत होतं.

गावाने निकाल दिला, सेट बिघडलाय. चित्र आलं, आवाज आला, गाणी धुळ्यालाच राहिली. टीव्ही पुन्हा एसटीच्या टपावर चढला. मेकॅनिक म्हणाला, आवाज तर खणखणीत आहे. आमचे सरपंच म्हणाले, आवाजाचं कोण बोलतंय, गाणी काढा. घाबरून त्याने सेट आठवडाभर ठेवून घेतला आणि नुसता पुसून परत पाठवला. पुन्हा रविवार, पुन्हा नुसतं बोलणं. आता सरपंच म्हणायला लागले, त्या मेकॅनिकवर पोलिसात तक्रार करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. आबा पाराच्या कडेला, पाठ करून.

तेव्हा नाना उठले. उठायलाच त्यांना बराच वेळ लागला.

"डबा चांगला शे," ते म्हणाले. "त्यामा गानं नव्हतंच. मी काचना बाहेर उभा ऱ्हाऊ. माले काही ऐकू येत नव्हतं."

सरपंच तोंड उघडून तसेच राहिले. आता हसतील, मग शिव्या देतील, आणि उद्यापासून नानांना रस्त्यावरून जाणं कठीण करतील, असं मी मनात मोजत होतो. पण आधी ती पाठ वळली. नऊ वर्षांनी आबांचा चेहरा नानांसमोर आला. मधे ना म्हैस, ना बैल.

"मंग ते गानं कोनं व्हतं?" आबांनी विचारलं.

"मनं."

आबा म्हणाले, "मंग म्हन."

"थकी गऊ, आबा."

"मंग नुसतं बोल."

त्या रविवारी मालिका कोणीच पाहिली नाही. गर्दी पांगली. दोघं पारावर बसले होते, आणि काय बोलले ते मी ऐकलं नाही. लांबून नुसती तोंडं हलताना दिसली. चांगला तास-दीड तास.

पुढे माझी बदली जळगावला झाली. आबा वारले. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा नाना डोळे तपासायला माझ्याकडे चार दिवस राहिले होते. त्यानंतर दोन महिन्यांतच ते गेले, म्हणून ते चार दिवस मला पक्के आठवतात. एका दुपारी टीव्ही लावला, तर कुठल्याशा मालिकेचा खास संगीतमय भाग चालू होता. सासू गात होती, सून गात होती, इन्स्पेक्टर बेड्या घालताना तान घेत होता. मी ओरडलोच, "नाना, बघा, तुमची मालिका."

नाना पाहत राहिले. मग म्हणाले, "यास्ले कोनी सांगं रे?" आणखी थोडं पाहिलं. "थकी जातीन बिचारा. गुरुजी, आवाज बंद करा."

मी आवाज बंद केला. पडद्यावर दोघंजण समोरासमोर उभे होते, तोंडं हलत होती. नानांनी पाय वर घेतले, भिंतीला डोकं टेकलं.

"हां," ते म्हणाले. "आते बोली ऱ्हायनात."