देवकाच्या दिवशीची तिरडी

महाल भागातल्या आमच्या गल्लीत कोणी गेलं की पहिला फोन डॉक्टरांना जातो, दुसरा नातेवाइकांना आणि तिसरा अरुंधतीवहिनींना. वहिनी डॉक्टर नाहीत, सगळ्यांच्या नात्यातल्याही नाहीत. त्या तिरडी बांधतात.

बाईमाणसाने तिरडी बांधायची म्हटल्यावर ज्यांच्या भुवया उंचावतील त्यांनी खुशाल उंचावू द्याव्यात. आमच्याही उंचावल्या होत्या, हळूहळू आपोआप खाली आल्या. गरज पडली की भुवयांना शिस्त लागते.

पूर्वी हे काम वहिनींचे यजमान गिरिधर करायचे. पोस्टातली नोकरी, बोलणं कमी, पण बोलावणं आलं की दिवाळीचा फराळ सोडून निघणार. आम्ही बाकीचे खांदा द्यायला पुढे, दोन शब्द बोलायला त्याहून पुढे. पण त्यांचे हात काय करतात, गाठ कशी पडते, हे एकानेही कधी नीट पाहिलं नाही. त्याची फळं आम्हाला गिरिधर स्वतः गेले त्या सकाळी मिळाली. गल्ली माणसांनी भरली होती आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी कोणीतरी अक्कल लढवली आणि लग्नाचे मांडव घालणाऱ्याला बोलावलं. बांबूचं काम ते बांबूचं काम. त्या बिचाऱ्याने बांधून दिली, पण मांडवाच्या हिशेबाने, चांगली ऐसपैस. गल्लीच्या वळणावर ती अडकली. जन्मभर दुसऱ्यांना सरळ पोचवणाऱ्या माणसाला आम्ही तिरपा करून, कोणाच्या तरी ओट्याला घासत बाहेर काढला. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेरवी आटोपली आणि वहिनी थेट रुपरावच्या बांबूच्या टालावर गेल्या. रुपरावने विचारलं, कोण गेलं? वहिनी म्हणाल्या, कोणी नाही, मला शिकायचं आहे. गिरिधरांचे हात नीट पाहिलेला तो एकटाच माणूस उरला होता. त्याने शिकवलं. मग वहिनी आपल्या अंगणात बसून, गुंडाळलेली गादी आडवी ठेवून सराव करू लागल्या. समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मागच्यांनी घरात शांत करून घेतली. पण त्याच हिवाळ्यात खिडक्या लावणाऱ्यांच्याच घरचे आजोबा गेले, आणि मुलगा खाली मान घालून वहिनींच्या दारात आला. त्यांनी एका शब्दानेही टोमणा मारला नाही. मी मारला असता.

वहिनींची एकुलती एक मुलगी मुग्धा पुण्याला एका मोठ्या कंपनीत आहे. तिथल्या नोकरदारांना आनंदी ठेवणं हेच तिचं काम. त्याचा पगार मिळतो हे ऐकून मी थोडे दिवस बेचैन होतो. तिने आईच्या मोबाईलवरही काहीतरी घालून दिलं होतं. रोज सकाळी तो विचारायचा, आज कसं वाटतं, आणि हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग दाखवायचा. वहिनी नेहमी मधला दाबायच्या, ना हसरा ना रडका. त्यावरून मुग्धाचा जीव टांगणीला लागायचा. आईने हे मेलं बांबूचं खूळ सोडावं, पुण्याला यावं, सहली कराव्यात, हसावं, असं तिला मनापासून वाटे. त्यात काही खोटं नव्हतं. बाप गेलेल्या मुलीला आई तरी हसती पाहिजे असते.

मीही एकदा वहिनींना आमच्या हास्यक्लबात यायचा आग्रह केला. बागेत रोज पहाटे आम्ही पंचवीसेक म्हातारे हात वर करून खदखदतो आणि मग घरी जाऊन चहा गार झाला म्हणून बायकोवर खेकसतो. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आनंद नाही होत हो मला. कोणाची तिरडी बांधताना कसला आनंद? हात सोलतात, जीव गलबलतो. पण बांधून झाली की वाटतं, आज मी इथे असायलाच पाहिजे होती. मला तेवढं पुरतं."

मी त्यानंतर आग्रह केला नाही.

गेल्या माघात मुग्धाचं लग्न ठरलं. बाप नाही, म्हणून देवकाला आणि कन्यादानाला काका-काकूंनी बसायचं, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. गिरिधरांचे धाकटे भाऊ वामनराव तर नवं सोवळं घेऊन तयार. मुग्धा अडून बसली. आई जिवंत असताना दुसरं कोणी काहून बसेल, हा तिचा एकच प्रश्न. दोन महिने तिने फोनवरून काकांशी भांडण केलं, मावश्यांशी केलं, आणि गुरुजींकडून कबूल करून घेतलं की नवऱ्याच्या जागी सुपारी ठेवून आईला बसता येतं. वामनराव शेवटी हो म्हणाले, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरी देवक होतं. दारात मांडव, आत पाट मांडलेला, वहिनी जांभळ्या रेशमी साडीत. इतक्या वर्षांनी त्यांना अशी साडी नेसलेली बघून मला भरून आलं. तेवढ्यात मांडवाबाहेर कवडू दिसला. कवडू म्हणजे यमुताईंचा भाचा, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला. यमुताई आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, पापड लाटून विकायच्या. कवडू आत येईना, चपला काढेना. मी जवळ गेलो तर म्हणाला, "मावशी गेली. आज कसं सांगू इथं?"

आता ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकदा देवक बसलं की ते उठेपर्यंत घरच्यांनी मयताच्या दारी जायचं नसतं. म्हणजे वहिनी पाटावर बसल्या की उद्या लग्न लागेपर्यंत अडकल्या. आणि यमुताईंनी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. माझ्यासमोरच घेतलं होतं, पापड वाळत घालता घालता: "माही तूच बांधजो वं अरुंधती. मले त्या वळणावर वाकडं नाही व्हायचं."

वामनरावांनी आमचं बोलणं ऐकलं आणि मला बाजूला घेतलं. आत कोणाला कळू द्यायचं नाही, त्यांनी बजावलं. घटकाभरात देवक बसेल, मग प्रश्नच मिटला. शववाहिका येते, तिच्यात लोखंडी स्ट्रेचर असतं, म्हातारीचं काही अडत नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. पण माणसाला न सांगता त्याचं वचन मोडायचं, हे मला सहन होईना. मी सरळ आत गेलो आणि वहिनींना सांगितलं.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. वामनराव मागोमाग आलेच. त्यांनी स्पष्ट सांगितलं की तिरडीला हात लावून आलेलं माणूस या पाटावर बसणार नाही, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. वहिनी मुग्धाकडे बघत होत्या.

मुग्धाचे हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले. तिचे डोळे वाहायला लागले ते तिला पुसताही येईनात. ती म्हणाली, "आई, तू काहून असं करून राहिली? एक दिवस मागितला मी. एक दिवस तू फक्त खूश राहा, माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी बसायला मला आवडलं असतं," वहिनी म्हणाल्या. "पण तिकडे शब्द देऊन इथे बसले, तर नुसती साडी बसेल गं पाटावर. काकांना बसू दे. मी रुसणार नाही."

आणि त्या साडी बदलून गेल्या. मी मागे गेलो. कवडूने आणलेले हिरवे बांबू यमुताईंच्या अंगणात पडले होते. वहिनींनी पदर खोचला, आडव्या कामट्या लावल्या, सुतळी दाताने तोडली. मधेच उठून रिकामी तिरडी त्या वळणापर्यंत नेऊन, फिरवून पाहिली. यमुताईंना ठेवल्यावर त्यांच्या डोक्याखाली तणसाची जुडी सारली, जशी आपण झोपलेल्या मुलाच्या डोक्याखाली उशी सारतो. त्या वेळी त्या रडत होत्या, पण हात थांबले नव्हते. आम्ही खांदा दिला. वळणावर यमुताई सरळ गेल्या, कुठे धक्का नाही, कुठे घासणं नाही. वहिनी तिथवर आल्या, हात जोडले आणि माघारी फिरल्या.

मी घाटावर जायला हवं होतं, पण माझा जीव त्या पाटात अडकला होता. कवडूलाच सांगून मी परतलो, नळाखाली अंघोळ केली आणि मांडवात गेलो. वहिनीही डोक्यावरून पाणी घेऊन, साधंच धुवट लुगडं नेसून मागच्या दाराने येत होत्या. कोपऱ्यात उभं राहून दिराचं देवक बघायचं, एवढ्याच तयारीने.

पाट रिकामा होता. सुपारी जागच्या जागी. गुरुजी भिंतीला टेकून चहा पीत होते. वामनराव सोवळं नेसून खुर्चीत फुगून बसले होते आणि पाटासमोर मुग्धा मांडी घालून, वाट अडवल्यासारखी.

वामनराव उसळून म्हणाले की मुहूर्त टळला, ही पोरगी कोणाला बसू देत नाही, आता तुम्हीच बघा. गुरुजी कप खाली ठेवत म्हणाले, दुपारपर्यंत वेळ चांगली आहे, घाई कोणालाच नव्हती, वामनराव सोडून.

मुग्धा आईला म्हणाली, "मी गच्चीवर गेली होती. तिथून यमुआजीचं अंगण दिसतं. मला वाटायचं तू तिथे जाऊन स्वतःला त्रास करून घेते. आज पहिल्यांदा बघितलं मी तुला." वहिनींनी तिचे डोळे आपल्या पदराने पुसले, मेंदीला धक्का न लावता.

वामनराव खाकरले. शास्त्र, अपशकुन, सासरचे काय म्हणतील, असं त्यांचं पुन्हा सुरू होणार हे आम्ही ओळखलं. त्याआधीच मुग्धा त्यांच्याकडे वळली.

"काका," ती म्हणाली, "मला या पाटावर तिकडून आलेलीच आई पाहिजे."

वहिनी ओल्या केसांनी पाटावर बसल्या.