समन्स दाराला चिकटवलं!

वकिलाकडे कारकुनी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. पक्षकारांच्या मागोमाग ते आपोआप आत येतात आणि डोकं फिरवून जातात! इंग्रजांच्या अमदानीत मी लोणावळ्याला अप्पासाहेब वकिलांकडे होतो. तिथले काही आठवले की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

*

सोमाटण्याचे एक आबा साक्षीसाठी पाच वेळा कोर्टात चालत गेले. पाचही वेळा पुढची मुदत पडली! सहाव्या खेपेला पाय मुरगळला, पोचायला तासभर उशीर झाला. नेमका त्याच दिवशी पुकारा वेळेवर!

शिरस्तेदार खेकसला, "कोर्टाचा वेळ फुकट घालवता?"

"व्हय, चुकलंच," आबा म्हणाले. "तुमचा पयल्यांदाच गेला न्हवं?"

*

मग आली भागूबाई. कुरवंड्याच्या वरच्या वाडीतली ठाकर म्हातारी, एकटी. लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्यानं तिच्या भाताच्या खाचरावर दावा लावला आणि तिला पत्ता लागू न देता एकतर्फी निकालही मिळवला. तिला कळलं कधी? खाचरात खुंट्या ठोकायला माणसं आली तेव्हा! पोटाला तेवढं एकच खाचर होतं हो तिचं.

निकाल फिरवायचा तर आधी त्याची नक्कल हवी. मी अर्ज घेऊन गेलो. नकलांचा कारकून म्हणाला, "दाव्याचा नंबर घाला."

"तो कुठं मिळेल?"

"नकलेवर असतो की!"

वर पान चघळत माझ्याकडेच असा बघतोय, जणू मीच मूर्ख!

*

पुढे प्रतिज्ञापत्र. भागूबाईच्या अंगठ्याशेजारी तिला ओळखणाऱ्याची सही लागते. वाडीतले चौघं तिच्याबरोबर आले होते, तिच्या अंगाखांद्यावर वाढलेले.

"यांना कोण ओळखतं?" शिरस्तेदारानं चौघांना झटकलं.

शेवटी सही केली अप्पासाहेबांनी. त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं होतं त्याच सकाळी! ती सही मात्र चालली.

भागूबाईनं चौघांकडे बोट केलं. "मंग ह्ये माजे कोन?"

*

खरा संताप आला तो समन्स पोचवणाऱ्या बेलीफाचा. त्याचा रिपोर्ट होता, "बाई घरी मिळून आली नाही. समन्स दाराला खळीनं चिकटवलं." मेला वाडीची चढण चढलाच नव्हता! पण ते शाबीत कसं करणार?

अप्पासाहेब तिला म्हणाले, "समन्स आलंच नाही, याचा पुरावा घेऊन ये तारखेला." त्यांच्या मनात होते शेजारचे साक्षीदार.

तारखेला भागूबाई आली ती डोक्यावर कारवीच्या काटक्यांची ताटी घेऊन! डोंगर उतरून, कोर्टापर्यंत.

"हे काय?" शिपायानं अडवलं.

"दार."

अप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. जज्जसाहेबांनी मात्र ताटी आत घेतली, भिंतीला टेकवली आणि बेलीफाला बोलावलं.

"याच दाराला चिकटवलंत?"

"होय, साहेब."

"मग चिकटवा."

ऑफिसातली खळ आली. त्यानं कागद लावला, काटक्यांवरून घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तळहातानं दाबूनच उभा राहिला.

"हात काढा," जज्जसाहेब म्हणाले.

कागद खाली पडला. निकाल रद्द, दावा पहिल्यापासून चालणार! मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

भागूबाई जागची हलेना. जज्जसाहेबांनी विचारलं, "आता काय, बाई?"

"दार न्हेऊ का, सायेब? घर उघडं हाय."