शून्य रुपयांची मोटार

"माणसामाणसांतली समता शेवटी मोटारीवर अवलंबून असते."

हे वाक्य उच्चारण्यापूर्वी अध्यक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, उपरणे खांद्यावर सारखे करत आणि डोळे मिटत. डोळे उघडत तेव्हा समोरची काही माणसे उठून गेलेली असत. त्याने समतेला बाध येत नसे.

मोटार म्हणजे रस्त्यावरून धावते ती नव्हे. तसली आमच्या गावाला एकच माहीत होती, मालवणची एस.टी., आणि तिच्यात समता भरपूर होती, कारण सगळेच उभे असत. इथे मोटार म्हणजे हातभर लाकडी होडीत बसवलेले जुन्या घड्याळाचे यंत्र. त्याला किल्ली द्यायची, होडी देवळाच्या तळीत सोडायची, मागचा पत्र्याचा पंखा फिरतो आणि होडी समोरच्या पायरीकडे निघते. ज्याची होडी आधी टेकेल तो जिंकला. कार्तिकातल्या जत्रेच्या दुपारी, रात्री दशावतार उभा राहण्याआधी, गावातली मोठी माणसे हा खेळ खेळत. मुलांना काठावर उभे राहून ओरडण्याची परवानगी होती.

अध्यक्ष मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. ते अध्यक्ष झाले. वाचनालयाचे, शाळा समितीचे, भजन मंडळाचे, आणि शर्यत समितीचेही. त्यांना नाव होते, पण ते वापरण्याची कोणाला आठवण राहिली नव्हती. तुम्हीही असे अध्यक्ष पाहिले असतील. त्यांना गळ्यात हार पडल्याशिवाय पाणी मागता येत नाही. मी वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मी आपोआप प्रत्येक समितीचा चिटणीस होतो. त्यामुळे ही हकिकत मी जवळून पाहिली. उठून जाण्याची सोय मला नव्हती.

एके वर्षी मुंबईच्या एका चाकरमान्याने दुकानातून विकत घेतलेली परदेशी मोटार आणली. आमच्या होड्या अजून पायरीजवळच गरगरत होत्या, तेवढ्यात त्याची होडी पलीकडे पोचली आणि त्याने विडीही पेटवली. गावाला हे लागले. पुढच्या वर्षी ज्याला परवडेल तो मुंबईहून मोटार मागवील आणि बाकीचे टाळ्या वाजवायला राहतील, हे सगळ्यांना दिसत होते.

अध्यक्षांनी सभा घेतली. समतेचे वाक्य झाले. मग नियम आले, एकामागून एक, पावसाळ्यात घरात गोगलगाई येतात तसे. किल्ली दिली की आत गुंडाळली जाते त्या पोलादी पट्टीची रुंदी, दातेरी चाकांची संख्या, किल्लीचे वेढे, तेलाचा प्रकार. शिडाला बंदी, कारण "शिडाचं कापड श्रीमंताला परवडतं." हे ज्या गावात बोलले गेले त्या गावातल्या सगळ्यात गरीब लोकांच्या घरी शिडे होती, बोलणाऱ्याच्या घरी नव्हती.

पण त्या गोगलगाईंमध्ये एक नियम खरोखर चांगला होता. नावडत्या माणसाला सुचलेली चांगली गोष्ट कबूल करणे जिवावर येते, तरी करतो. मोटार पाच रुपयांहून महाग नसावी. आणि जो जिंकेल त्याची मोटार कोणीही पाच रुपये देऊन मागितली तर त्याने ती द्यावीच. म्हणजे झाले. पन्नास रुपयांची मोटार लावून जिंकलात, तर संध्याकाळी ती पाचाला जाणार. मग लावता कशाला?

नियम कागदावर राहिला असता तर अध्यक्षांनी तो पुढे हवा तसा वळवला असता. कागद वळवण्यातच त्यांची नोकरी गेली होती. पण आपल्या नियमाला कोणी आव्हान देऊ नये म्हणून त्यांनी तो गाऱ्हाण्यात घालायला लावला. शर्यतीआधी गुरव देवापुढे गाऱ्हाणे घालतो आणि सगळा गाव ओळीओळीला होकार देतो, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षी गुरवाने तळीच्या काठावर नारळ हातात घेतला आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या तळयेत तुझी लेकरा होडये सोडतत, त्येंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि जो कोण जितीत, त्याची मोटार मागणाऱ्याक पाच रुपयांत मिळाक व्हयी, त्येच्यात कोणाचीच आडकाठी नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज अध्यक्षांचा होता. ते एरवी प्रमाण मराठीतच बोलत, घरीसुद्धा. पण देवापुढे त्यांची मालवणी शाबूत होती.

नियम चालला. पुढची काही वर्षे शर्यत सोडावॉटरच्या दुकानाचे मालक दाजी जिंकत. दाजी दणदणीत आवाजाचे, बढाईखोर गृहस्थ. गजराची मोडकी घड्याळे जमवून त्यांतून मोटार करत. जिंकले की कोणीतरी मोटार मागे, दाजी पाच रुपये खिशात घालत आणि म्हणत, "व्हर रे, व्हर! मोटार व्हरशीत, माझो हात खंयसून व्हरशीत?" मोटार नेता येते, हात कुठून नेणार, यावर गाव हसे. अध्यक्ष हसत नसत. त्यांची स्वतःची होडी दर वर्षी तळीच्या मध्यावर एक प्रदक्षिणा घालून थांबत असे.

त्या होडीवर निशाण होते. बाकीच्या होड्यांवर नव्हते. अध्यक्षांची होडी ओळखू यावी म्हणून त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकींच्या, जुन्या रेशमी चोळीचे कापड काठीला बांधून त्याला खळ लावलेली होती. दर वर्षी होडी हरे आणि दर वर्षी निशाण थोडे मोठे होई. पराभवाचे माप घेण्याची ही पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग ते वर्ष आले. जत्रेच्या आदल्या दिवशी मी समितीच्या कामासाठी अध्यक्षांकडे गेलो. ओटीवर काकी उभ्या होत्या आणि भिंतीकडे पाहत होत्या. भिंतीवरचे घड्याळ जाग्यावर होते, पण त्याचा लंबक बंद होता.

ते घड्याळ म्हणजे त्या घराचा देव्हारा होता. निवृत्तीच्या वेळी कचेरीतल्या लोकांनी भेट दिलेले, जर्मन, तासाला ठोके देणारे. त्याच्या ठोक्यांवर काकींचा भात शिजे आणि अध्यक्षांच्या सभा सुरू होत. त्याच्यापुढे उभे राहिल्याशिवाय अध्यक्षांना वाक्य फुटत नसे.

"घड्याळाच्या पोटातला खंय गेला?" काकींनी विचारले.

"मी ते तत्त्वासाठी काढलं आहे," अध्यक्ष आतून म्हणाले. ते होडीत मोटार बसवत होते.

"तत्त्वाक घड्याळ कित्याक व्हया? त्याका खंय वेळेर जावचा आसा?"

अध्यक्ष बाहेर आले आणि सवयीने बंद घड्याळाकडे पाहून मला म्हणाले, "चिटणीस, भेट मिळालेल्या वस्तूची खरेदी किंमत शून्य. शून्य हे पाचापेक्षा कमी आहे. नियमात बसतं."

"पण जिंकलात आणि कोणी मागितली तर?"

"कोण मागणार? कचेरीची भेट आहे ती. लोकांना काही पाचपोच आहे."

लोकांच्या पाचपोचावर त्यांनी आयुष्यात प्रथमच विश्वास टाकला होता. वेळ चुकीची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्राकडून रोजचा वारा सुटला होता. तळीच्या समुद्राकडच्या पायऱ्यांवर होड्या मांडल्या. गाऱ्हाणे झाले. अध्यक्षांनी किल्ली द्यायला घेतली. देत राहिले. शेवटच्या वेढ्याला आतून खाडकन आवाज झाला. काठावरचे दोघेतिघे दचकले.

"जर्मन यंत्र आहे," अध्यक्ष म्हणाले. "बोलणारच."

होड्या सुटल्या. दाजींची होडी जोरात निघाली आणि कमळाच्या पानांत शिरली. दोन होड्या एकमेकींना धडकून भांडणाऱ्या जावांसारख्या गोल फिरू लागल्या. अध्यक्षांची होडी मात्र, त्या वर्षी टॉवेलाएवढे झालेले निशाण मिरवत, अगदी संथ, सरळ, सरकारी स्वारीसारखी समोरच्या पायरीला जाऊन टेकली.

गाव थक्क झाला. अध्यक्षांनी डोळे मिटले. ते उघडून समतेचे वाक्य म्हणणार, तोच दाजी पुढे आले. हातात पाचाची नोट होती.

"अध्यक्षानू, पाच रुपये घेवा आनि मोटार देवा."

अध्यक्षांनी डोळे उघडले. "दाजी, ती विकायची वस्तू नाही. ती भेट आहे. तिची किंमत शून्य आहे."

"मगे तर बराच झाला! शून्याची वस्तू पाचाक जाता. तुमका पाच रुपये फायदो झालो!"

काठावर जे हसू उठले ते मी अजून विसरलेलो नाही. अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. नियम दुरुस्त करण्यासाठी तातडीची सभा घ्या, असे त्यांचे डोळे सांगत होते. पण गुरव नारळाची शकले गोळा करता करता म्हणाला, "गाऱ्हाण्यात घातलेला आसा. आता सभा देवाचीच घेवक व्हयी."

म्हणून कौल लावला. देवाच्या पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. अध्यक्षांनी विचारले, मोटार न देण्याची मुभा आहे का? डावी पडली.

"ही वाऱ्याने पडली," अध्यक्ष म्हणाले. "वाऱ्याच्या जोरावर लागलेला निकाल मला मान्य नाही. पुन्हा लावा."

दार लोटून घेतले. पुन्हा डावी पडली. तिसऱ्यांदा लावल्या, तेव्हा एकही पाकळी हलेना. आम्ही वाट पाहत बसलो. बाहेर दशावतारातल्या राजाने तोंडाला रंग लावायला सुरुवात केली. शेवटी गुरव म्हणाला, "देव कंटाळलो, अध्यक्षानू. तुमी घराक जावा."

अध्यक्ष उठले. होडीतून मोटार त्यांनी स्वतः सोडवली. दाजींच्या हातात ती देताना ते एवढेच म्हणाले, "तेल गोडं घालू नका. यंत्राला चालत नाही." पाच रुपये त्यांनी देवाच्या पेटीत टाकले. भाषण झाले नाही. माझ्या माहितीत त्यांनी केलेला हा एकमेव समारंभ, ज्यात भाषण झाले नाही.

त्या दिवशी मला त्यांची थोडी कीव आली. ती फार टिकली नाही, कारण पुढच्याच आठवड्यात त्यांनी मोटारीच्या तेलाबद्दल नवा नियम आणला.

दाजींनी ती मोटार होडीला कधी लावली नाही. का, असे कोणी विचारले की म्हणत, "ती आठवण आसा. ती पाण्यात घालूची नाय." गावाने याला दाजींचा मोठेपणा म्हटले. बढाईखोर माणसात एवढा मोठेपणा कुठून आला, याचे मला नवल वाटे. पण माणसाबद्दल माझे मत चुकण्याची सवय मला होती.

अध्यक्षांचे रिकामे घड्याळ भिंतीवरच राहिले. ते अजूनही बोलण्यापूर्वी त्याच्याकडे पाहत. एकदा मी सहज पाहिले, तर घड्याळात वेळ बरोबर होती. मी चक्रावलो. मग तिठ्यावर मालवणची एस.टी. वाजली, आणि काकी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, स्टुलावर चढल्या, काटे बोटाने पुढे सरकवले आणि परत गेल्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, डोळे मिटले आणि शाळेच्या छपरावर बोलायला सुरुवात केली. एस.टी.च्या फेऱ्यांवर ते घर असे बरीच वर्षे चालले. एस.टी. चुकली की त्यांची सभाही चुके.

ते गेले तेव्हा वाचनालयात शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी कोण बसणार यावरून थोडा वाद झाला, कारण ती जागा रिकामी ठेवण्याची सवय कोणालाच नव्हती. बोलणाऱ्या प्रत्येकाने मोटारीची गोष्ट सांगितली. स्वतः केलेल्या नियमापुढे स्वतःचे घड्याळ रिकामे करणारा माणूस. दाजीही बोलले.

सभा संपल्यावर दाजी मला दुकानात घेऊन गेले. बाटल्यांच्या खोक्यामागून त्यांनी फडक्यात बांधलेली मोटार काढली.

"किल्ली फिरवन बघ."

मी फिरवली. किल्ली नुसतीच फिरत राहिली. कुठे अडेना.

"पट्टी तुटलेली," दाजी म्हणाले. "त्याच दिवशी, किल्ली देताना. घराक नेऊन उघडलंय तेवाच बघलंय."

"मगे होडी गेली कशी?"

दाजींनी खिडकीबाहेर बोट दाखवले. देवळाच्या कळसावरचे निशाण समुद्राकडच्या वाऱ्याने ताठ उभे होते.

"तुमी त्यांका सांगलात नाय?"

"काय सांगू? तुमी जितलात नाय आनि मी मोडकी मोटार घेऊन फसलंय, असा? दोगांचीय अब्रू एकाच पट्टीत होती." त्यांनी मोटार फडक्यात गुंडाळली. "आनि तो बरो खुशीत होतो."

घरी येऊन मी समितीचे नियम पुन्हा वाचून पाहिले. मोटारीबद्दल त्यांत पाने भरली होती. शिडाला बंदी होती. निशाणाबद्दल एक अक्षरही नव्हते.