नंबरावरचं कुंकू

बाईंसमोर कोणी शिवणाचं जुनं मशीन आणून ठेवलं, की त्या आधी माणसाला गप्प करत. "तुम्ही थांबा. आधी त्याला बोलू दे." मग अंबाड्यातला आकडा काढून चाकाखालच्या पट्टीवर ठोकलेल्या नंबरातला मळ कोरत बसत. आपल्याकडे खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लावतात आणि ते नेमकं त्या नंबरावर लागतं, कारण कपाळासारखी सपाट जागा तेवढीच. वर्षानुवर्षांचं कुंकू तेलात मुरून तिथे काळसर लाल खपली धरते. ती निघाली की बाई नंबर वाचत, मशीन बिजागरीवर उलटं करून पोट बघत, सोनेरी वेलबुट्टीवरून अंगठा फिरवत आणि साल सांगत. त्यानंतर मालकाकडे वळून म्हणत, "हं, आता बोला. आणि जपून बोला."

एकदा सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ पणजीचं मशीन घेऊन आले. वर्तमानपत्रात त्यावर लेख लिहायचा त्यांचा बेत होता. बाईंनी साल सांगितलं आणि विचारलं, "पणजी वारल्या कधी?"

त्यांनी सांगितलं.

"म्हणजे वर गेल्यावर शिवायला लागल्या. उशिरा का होईना, हौस भागली."

गृहस्थ लाल झाले. मशीन दुकानात तसंच टाकून गेले, ते पुन्हा न्यायला आले नाहीत. मी ते विकलं. माझ्या धंद्यात बाईंचा हा उपयोग होता, हेही सांगून टाकतो.

शनिवार पेठेत माझं मशीनदुरुस्तीचं आणि सुट्या भागांचं दुकान होतं. बाईंचा शिवणक्लास मागच्याच गल्लीत. तरुणपणी त्या एका विलायती मशीन कंपनीच्या दुकानात बायकांना शिवण शिकवायला होत्या. कोणत्या अक्षराचा नंबर कोणत्या सालचा, लांब होडीसारखं शटल कधीपर्यंत होतं आणि गोल बॉबिन कधी आली, हे सगळं तिथे त्यांना पाठ झालं. लग्न केलं नाही. कारण विचारणाऱ्याला त्या सांगत, "मापाचा मिळाला नाही. आणि मी अल्टर करून घेत नाही."

क्लासमधल्या मुली त्यांना चळाचळा कापत. "ही बाही आहे की सोंड?" "कापड महाग आहे, तू स्वस्त आहेस, म्हणून आधी स्वतःला शिस्त लाव." एका मुलीनं स्वतःच्या लग्नाचा ब्लाऊज कापताना बिघडवला आणि रडायला लागली. बाई म्हणाल्या, "रडायचं तर लांब उभं राहून रड, रेशमावर डाग पडतात." त्याच बाईंनी तो ब्लाऊज जोड लावून असा शिवून दिला, की जोड कुठे आहे ते मुलीच्या सासूला शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नाला मात्र गेल्या नाहीत. "माझं काम काल संपलं," म्हणाल्या.

पुढे तयार कपड्यांची दुकानं झाली आणि मुली शिवण सोडून कॉम्प्युटरकडे गेल्या. बाईंच्या क्लासची खोली मालकानं कॉम्प्युटर क्लासलाच दिली. बाईंनी आपली पाटी स्वतः उतरवली आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी माझ्या दुकानात येऊन बसू लागल्या. दाराजवळचं स्टूल त्यांचं झालं. मला त्यांनी इतक्या वर्षांत कधी नावानं हाक मारली नाही. 'दुकानदार' म्हणत. "दुकानदार, चहा सांगा. आणि त्याला म्हणावं, दूधही घाल."

त्याच सुमाराला जुन्या मशीनना भलताच भाव आला. ज्यांच्या आयांनी ती माळ्यावर टाकली होती, ती मुलं कंपन्यांत लागली, वाघोलीकडे फ्लॅट घेतले आणि त्यांना दिवाणखान्यात ठेवायला जुनं मशीन हवं झालं. असं एक जोडपं आलं. मुलानं विचारलं, "काकू, हे वर्किंग आहे ना?"

"मशीन चालतं. तुम्हाला चालवता येतं?"

"नाही नाही, फक्त शोसाठी."

"मग कशाला विचारता? शोसाठी मीसुद्धा चालते."

ती दोघं हसली आणि मशीन घेऊन गेली. साल बाईंनी सांगितलं की गिऱ्हाईक घासाघीस करत नसे. बाईंनी त्यासाठी माझ्याकडून चहापलीकडे काही घेतलं नाही. त्यांना ते स्टूल हवं होतं. तिथे बसलं की पेठेतली माणसं अजून त्यांना घाबरत होती. दुसरीकडे कुठे त्यांना घाबरणारं कोणी उरलं नव्हतं.

आता सुमनचं सांगतो.

सुमन यवतमाळकडची. नवरा इथे कारखान्यात होता, तो गेला. पदरी लहान मुलगी. बिबवेवाडीला एका खोलीत राहून ती शिवणावर घर चालवायची. बाईंच्या क्लासची ती शेवटची विद्यार्थिनी, आणि एकमेव, जिला बाईंनी कधी टोमणा मारला नाही. तिचं काम बघून बाई फक्त "हं" म्हणायच्या. त्या एका "हं"साठी बाकीच्या मुलींनी काय वाटेल ते दिलं असतं. बाई तिला एकदा म्हणाल्या होत्या, "कोणी तुला फसवलं तर माझ्याकडे ये. रडायला नको येऊस, सांगायला ये."

तिच्याकडे आईचं मशीन होतं. आई लग्नाआधी एका मडमेच्या बंगल्यावर काम करायची. इंग्रज गेले तेव्हा ती मडम जाताना आईला मशीन देऊन गेली. आईही लवकर विधवा झाली होती आणि त्या मशीनवर तिनं मुलं वाढवली. माहेरचं म्हणून सुमनकडे एवढंच होतं.

वडिलांकडच्या जमिनीच्या कामासाठी तिला गावी जायचं होतं, म्हणून जाताना ते ओव्हरहॉलला माझ्याकडे ठेवून गेली. महिने झाले तरी तिचा पत्ता नाही. तेवढ्यात विमाननगरच्या बाजूला नवीन हॉटेल सजवणारा एक माणूस आला. त्याला खरं विलायती, इंग्रजांच्या वेळचं मशीन हवं होतं. माझ्याकडे तसं एकच होतं, सुमनचं. मी त्याचं वरचं धड काढून त्याला दिलं आणि सुमनच्या स्टँडवर आपल्या देशात बनलेलं, त्याच घाटाचं, बरंच अलीकडचं धड बसवलं. काळा रंग मारला. बाजारात वेलबुट्टीचे सोनेरी छाप मिळतात, ते उठवले. मग वाटलं, फारच नवं दिसतंय. म्हणून नंबरावर तेलात कालवून हळदकुंकवाचे थरावर थर दिले, वाळवले, वर धूळ चोळली. स्वतःच्या हातावर मी खूष झालो होतो, हे मला आजही आठवतं.

सुमन परत आली, मशीन घेऊन गेली आणि आठवड्यानं पुन्हा आली. "भाऊ, हाताला वेगळं लागून राहिलं हो हे."

"नवं वंगण आहे. बसेल हळूहळू."

"आईच्या बांगड्या घासून इथं रंग गेला होता. तो नाही दिसून राहिला."

"रंग दिलाय ना."

रंगावरून एकदा बोट फिरवून ती गेली. पुढच्या दुपारी, बाई स्टुलावर असताना, रिक्षात घालून मशीनचं नुसतं धड घेऊन आली. बाईंच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा. हे माझ्या आईचं आहे का?"

मी चहाचे पेले घेऊन दारात उभा होतो.

बाईंनी नेहमीसारखं तिला गप्प केलं नाही. आकडा काढला आणि नंबरावरची खपली कोरायला लागल्या. कोरता कोरता थांबल्या. बोटावर आलेलं कुंकू बघितलं.

"सुमन, तू याला कुंकू लावतेस?"

"नाही बाई. आमच्या घरी मशीनला फूल फक्त. आई तशी, मी तशी. कुंकू कोण लावणार?"

बाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. खूप वेळ नाही. मी पेले खाली ठेवले. मला वाटलं, आता मी संपलो. या पेठेत मला उभं राहायला जागा राहणार नाही, आणि बाई ते चार शब्दांत करतील.

त्यांनी नंबर वाचला. चाकाखाली विजेची मोटार बसवायला सोडलेला उंचवटा असतो, त्यावरून अंगठा फिरवला. इंग्रजांच्या वेळच्या तसल्या मशीनला तो नसतो. मग आकडा पुसून अंबाड्यात खोचला.

"हे मशीन इंग्रज गेल्यानंतरचं आहे," त्या म्हणाल्या. "कुठल्या मडमेनं दिलेलं नाही."

"मग आई..."

"तुझ्या आईनं तुला गोष्ट सांगितली. आया सांगतात."

साल खरं होतं. पुढचं वाक्य त्या माझ्यासाठी, माझ्या दुकानासाठी आणि दाराजवळच्या त्या स्टुलासाठी बोलल्या. त्यात टोमणा नव्हता. बाईंच्या तोंडून बिनटोमण्याचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते खोटं होतं.

सुमन रडली नाही. तिनं मशीन उचललं. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या भाऊ." आणि गेली.

बाईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही. त्यानंतर कधीच घेतला नाही. पण रोज येत राहिल्या. येताना स्वतःचा पाण्याचा तांब्या आणत, रस्त्याकडे तोंड करून बसत, आणि निघताना "येते, दुकानदार" म्हणत. मला शिक्षा म्हणून यायच्या की स्वतःला, ते मला ठरवता आलं नाही. कोणी मशीन आणलं तर म्हणत, "मला आता दिसत नाही." पेठेत सगळे म्हणाले, बाईंची नजर गेली. मी त्यांना दुपारभर चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवताना बघत होतो.

एक दिवस त्यांनी विचारलं, "कुठे गेलं ते?"

मी हॉटेलचं नाव सांगितलं.

"रिक्षा बोलवा."

हॉटेलात गार हवा आणि मंद गाणी होती. दारातच एका काचेच्या टेबलावर सुमनच्या आईचं मशीन ठेवलं होतं, त्यात कागदाची सूर्यफुलं खोचलेली. बाई वाकल्या. एक पोरगेला वेटर धावत आला, "आजी, प्लीज टच नका करू, अँटिक आहे ते."

"मीही आहे. मलाही हात लावू नकोस."

त्यांनी पदरानं नंबर पुसला. खपली नव्हतीच, कधी लागलेलीच नव्हती. डाव्या बाजूला बांगड्यांनी घासून गेलेल्या रंगाचा चंद्रकोरीएवढा तुकडा होता. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि साल सांगितलं. "मडम होती," म्हणाल्या. "आई खरं बोलत होती."

हे त्या फक्त मला म्हणाल्या. बाईंनी वय सांगितलेलं ते शेवटचं मशीन. परतीच्या रिक्षात मी म्हटलं, "सुमनला सांगूया का?"

"तुम्ही सांगणार?"

मी रिक्षाच्या मीटरकडे बघत राहिलो.

"मग मीही नाही. दोघांनाही म्हातारपणी बसायला जागा पाहिजे."

बाई गेल्या तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही पाचसहा माणसं होतो. सुमनची गोष्ट तोवर जुन्या विद्यार्थिनींत पसरली होती. म्हातारीनं एका विधवेच्या मेलेल्या आईला भर दुकानात खोटं पाडलं, असं सगळ्या म्हणत. गुरुपौर्णिमेला दोघीतिघी यायच्या, त्याही थांबल्या होत्या. परवा त्यांतली एक, आता स्वतःच आजी झालेली, मला म्हणाली, "दुष्ट होत्या हो बाई." मी नेहमीप्रमाणे मान हलवली आणि घरी आल्यावर हे लिहायला बसलो. बाई दुष्ट होत्या. त्यांच्या दुष्टपणात मात्र खोट नव्हती. त्यांनी आयुष्यात शेकडो माणसांना खरं सांगून दुखावलं, आणि खोटं सांगून एकालाच वाचवलं. तो मी.

दुकान मोडल्यावर मी हॉटेलात जाऊन आलो. ते बंद पडलं होतं आणि सामान भंगारात गेलं होतं. मग बिबवेवाडीला सुमनचं घर शोधलं. आता तिच्याकडे मोटारीची मशीनं आहेत, शाळांचे गणवेश शिवते, हाताखाली बायका आहेत. कोपऱ्यात माझं ते बनावट मशीन होतं, अजून चालू. चाकात शेवंतीचं फूल.

मी सगळं सांगितलं. धड, रंग, कुंकू, हॉटेल. ती मशीनवर कॉलर शिवत ऐकत होती.

"मला माहीत होतं भाऊ," ती म्हणाली. "पहिल्या टाक्याला कळलं मला. आईच्या मशीनवर शिवून राहिली होती मी, लहानपणापासून."

"मग बाईंकडे कशाला आणलंस?"

तिनं मशीन थांबवलं.

"मशीन कोणाचं ते मला कळलं होतं. बाई कोणाच्या, ते पाहायचं होतं."

तिनं दुसरी कॉलर घेतली.

"जरा सरका भाऊ," ती म्हणाली. "उजेड अडवून राहिले तुम्ही."